नमुन्यात बाया का नाहीत?

चि. विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा प्रस्ताव वाचला. दारू, मेंदूतली सूज आणि स्मरणशक्ती, ठिकाण गडचिरोली, सहभागी सगळे पुरुष. "इकडे बायका पीत नाहीत" असं लिहून एका ओळीत मोकळा झालास. हे वाक्य नागपुरात खपेल. मोहफुलं वेचतात बाया, वाळवतात बाया, पुष्कळदा भट्टीही त्याच लावतात. आणि गोंड घरातल्या लग्नात, पंडुमला, म्हणजे गावच्या सणाला, पानाचा डोना त्यांच्याही हाती येतो. १९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे कोणी सहजासहजी कबूल होणार नाही, एवढंच.

तीच दारू बाईच्या अंगात निराळी वागते. पुरुषाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी, बाईच्या ५० च्या आसपास. दारू पाण्यात पसरते, म्हणून वजन सारखं असूनही बाईच्या रक्तात ती जास्त दाट उतरते. शिवाय जठरातच थोडी दारू मोडणारं एन्झाइम बायांमध्ये कमी काम करतं, असं १९९० च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं होतं.

पुढची साखळी तुझ्या विषयाचा गाभा. नेहमीच्या दारूने आतड्याचं अस्तर सैल होतं, जंतूंच्या आवरणाचे तुकडे रक्तात शिरतात, यकृत चवताळतं आणि टीएनएफ-अल्फासारखे दाह पसरवणारे रासायनिक संदेश मेंदूपर्यंत पोचतात. तिथल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या राखणदार पेशी, टीएलआर-४ या ग्राहकामार्फत (पेशीवरच्या धोक्याची खूण टिपणाऱ्या रेणूमार्फत) थेट दारूनेही भडकतात. स्पेनमधल्या संशोधक कॉन्सुएलो ग्वेरी यांच्या गटाने २०१३ मध्ये उंदरांत दाखवलं की दीर्घकाळ दारू दिल्यावर माद्यांच्या मेंदूत दाह जास्त होतो, आणि टीएलआर-४ नसलेल्या उंदरांत तो टळतो. पण म्हणून "बाईलाच जास्त" असं गृहीत धरून निघू नको. दुसऱ्या प्रयोगांत नरांची प्रतिक्रिया तीव्र निघाली आहे. वय, मात्रा, रोजची की एकदम ढोसलेली, मेंदूचा कोणता भाग, यावर निकाल फिरतो. वर्षानुवर्षं प्रयोगशाळांत नरच वापरले गेले. अमेरिकेच्या एनआयएचने, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, २०१६ पासून लिंगभेद विचारात घ्यायला लावलं, तेव्हा कुठे हे चित्र हलू लागलं.

आता तुझी चाचणी. कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवा म्हणतोस! जिने जन्मात पेन्सिल धरली नाही ती डोकरी एक थेंब न पिताही नापास होईल. त्यापेक्षा विचार: मागच्या बाजारात किती पायल्या मोहफुलं विकली, काय भाव आला, त्यातून तेल-मीठ घेऊन किती उरले? हा हिशेब ती तोंडी करते, आणि सून शेजारी बसली असेल तर पडताळताही येतो. फक्त स्त्री-पुरुष दोघांना तोच प्रश्न लावायचा असेल तर आधी दोघांवर तपासून घे. बाजाराचा हिशेब कित्येक घरांत एकटी बाईच ठेवते.

रक्त घेशील तेव्हा सिकलसेलची तपासणी आधी. आपल्याकडे तो आजार भरपूर, आणि दारूशिवायही रक्तात दाहाच्या खुणा वाढवतो. हिमोग्लोबिन, पाळी चालू की गेलेली, आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), हेही नोंदव. खर्रा बायाही खातात. विचारलंस तर हसतील, पण सांगतील.

दारूचं मात्र तू एकटा विचारलंस तर "आमी नाही घेत जी" याउपर काही मिळणार नाही. मुलाखती आशाताईंच्या, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेच्या, ओळखीतल्या एखाद्या बाईने घ्याव्यात, पण गावातलीच नको. घरातलं गुपित शेजारणीला कोण सांगेल? नावाऐवजी क्रमांक ठेव, नाहीतर बंदीच्या जिल्ह्यात तुझी वही कोणाच्या तरी अंगाशी येईल.

सुधारलेला मसुदा होळीच्या आत पाठव. मोहफुलं पडायला लागली की दिवसा गावात कोणी सापडत नाही.

तुझे सर