क्लारा घर का सोडत नाही?

प्रश्न : एमानुएले क्रिआलेसे यांचा ‘लिम्मेन्सिता’ हा इटालियन चित्रपट पाहिला. १९७०च्या दशकातल्या रोममधली क्लारा नवऱ्याचा बाहेरख्यालीपणा आणि मारहाण सोसत राहते, तर तिची बारा वर्षांची मुलगी अद्रियाना आपण मुलगा असल्याचे सांगून ‘आंद्रेआ’ हे नाव घेते. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदा होता. मग क्लारा घर का सोडत नाही? शिवाय दोन विषय एकत्र आणल्याने दोन्ही अर्धवट राहिले, असे वाटत नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कायदा होता हे खरे. तो डिसेंबर १९७० मध्ये आला आणि रद्द करण्यासाठी मे १९७४ मध्ये सार्वमत घेतले गेले, तेव्हा सुमारे ५९ टक्के मतदारांनी तो राखला. पण घटस्फोटापूर्वी कायदेशीररीत्या विभक्त राहून किमान पाच वर्षे काढावी लागत, आणि कुटुंबविषयक कायद्यातल्या १९७५ च्या सुधारणेपर्यंत कायद्याच्या लेखी नवरा हाच कुटुंबप्रमुख होता. क्लारा मूळची स्पेनची. तिच्या माहेरी हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घटस्फोटाची सोयच नव्हती. पदरी तीन मुले आणि स्वतःची मिळकत नाही, अशा बाईने जावे तरी कुठे?

दोन विषयांबाबत मात्र आपल्याशी सहमत होता येत नाही. आई आणि मूल दोघेही अशा घरात अडकले आहेत, जिथे कोणी कोण असावे हे क्लाराचा नवरा फेलिचे ठरवतो. क्लाराला निदान कागदावर तरी एक वाट होती. आंद्रेआला तीही नव्हती, कारण नोंदीतले लिंग न्यायालयामार्फत बदलून घेण्याची तरतूद इटलीत एप्रिल १९८२ मध्ये झाली. म्हणून वेताच्या रानापलीकडच्या वस्तीतली सारा ही मुलगी त्याला सहज मुलगा समजते, तेव्हा त्याला मिळणारा मोकळेपणा आणि इटालियन गायिका राफाएला काराच्या गाण्यावर मुलांसह नाचत नाचत जेवणाचे टेबल मांडणाऱ्या क्लाराचा मोकळेपणा एकाच जातीचे वाटतात. ताटे, काटे-चमचे ठेवण्याचे रोजचे काम त्या दृश्यात खेळ होऊन जाते, आणि क्लाराची भूमिका करणारी पेनेलोपे क्रूझ तिथे मुलांची आई कमी, थोरली बहीण अधिक दिसते.

आपण स्वतः पारलिंगी असल्याचे क्रिआलेसे यांनी २०२२ सालच्या व्हेनिस महोत्सवाच्या वेळी जाहीरपणे सांगितले. चित्रपट त्यांच्या बालपणावर बेतलेला असल्यामुळे आपण बहुतेक सारे मुलाच्या नजरेनेच पाहतो, आणि क्लाराच्या मनातले निर्णय मुलाला जेवढे कळतील तेवढेच आपल्याला कळतात. अर्धवट राहिले असेल तर ते फेलिचेचे पात्र : त्याचा राग दिसतो, पण तो कशातून येतो याचा पटकथेला पत्ता नाही, आणि त्यामुळे क्लारा कधीकाळी या माणसाशी संसार मांडायला का तयार झाली, हा आपल्या प्रश्नाच्याही आधीचा प्रश्न अनुत्तरित राहतो.