व्यसनमुक्ती आणि वजनाची शस्त्रक्रिया : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी डोंबिवलीला राहतो. ३ वर्षांपूर्वी दारू सोडली आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या मीटिंगना नियमित जातो. दारू सुटल्यावर गोड खाणे वाढले, वजन ११८ किलोवर गेले आणि मधुमेहही जडला. डॉक्टरांनी वजन कमी करणारी बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया सुचवली आहे. पूर्वीचे पिणे सांगितले तर ते नकार देतील का?

उत्तर : पहिल्याच भेटीत सांगा. सुटलेले व्यसन या शस्त्रक्रियेला कायमचा अडसर ठरत नाही. चालू असलेले आणि लपवलेले व्यसन मात्र ठरते. तुम्ही सांगितलेत, तर शल्यचिकित्सक यकृताची नीट तपासणी करून घेतील, मानसोपचारतज्ज्ञांचे मत मागवतील आणि स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची नळी करणे) की जठराचा बायपास हा निर्णय तुमच्या इतिहासाकडे पाहून घेतील. दारूची ओढ कमी करणारी नॅल्ट्रेक्सोनसारखी गोळी चालू असेल, तर भूलतज्ज्ञांना ती आधी कळलीच पाहिजे, कारण तिच्यामुळे अफूवर्गीय वेदनाशामकांचा परिणाम होत नाही.

बायपासमध्ये जठराचा लहानसा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे दारू जठरात न थांबता आतड्यात उतरते आणि रक्तातील तिचे प्रमाण काही मिनिटांतच, पूर्वीपेक्षा अधिक वर चढते. स्लीव्हनंतरही अनेकांना हा फरक जाणवतो. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात दारूची समस्या नसलेल्यांपैकीही सुमारे २१ टक्के लोकांमध्ये बायपासनंतरच्या ५ वर्षांत तिची लक्षणे दिसली. ज्यांनी ही समस्या आधी भोगली आहे, त्यांनी हा आकडा अधिकच गांभीर्याने घ्यायला हवा.

म्हणून शस्त्रक्रिया टाळा, असे मी म्हणणार नाही. तुमच्या वजनाला आणि मधुमेहाला तिचा मोठा उपयोग होऊ शकतो. परंतु दारूच्या जागी आलेला गोडाचा आधारही आता सुटणार आहे, आणि ती पोकळी कशाने भरायची हे ऑपरेशनच्या तारखेआधी ठरायला हवे. धोका पहिल्या काही महिन्यांपेक्षा दुसऱ्या वर्षापासून अधिक दिसतो, म्हणजे वजन उतरलेले असते, लग्नसमारंभात कौतुक होत असते आणि तपासणीच्या फेऱ्या विरळ झालेल्या असतात तेव्हा. त्या काळातही मीटिंग चुकवू नका आणि तुमच्या स्पॉन्सरला, म्हणजे गटातील मार्गदर्शक सोबत्याला, हे सारे आजच सांगून ठेवा.

प्रश्न : माझ्या पतींचा बायपास होऊन दीड वर्ष झाले. दारू सोडून वजन उतरवले. आता मात्र ते रोज दोन पेग घेतात आणि तेवढ्यातच त्यांचा तोल जातो. सासूबाई म्हणतात, पूर्वीपेक्षा किती कमी पितो! मी काय करू? (विक्रोळी)

उत्तर : सासूबाई पेग मोजत आहेत, परंतु बायपासनंतर त्याच दोन पेगांनी रक्तात पूर्वीपेक्षा बरीच जास्त दारू चढते. हे व्यसनाचे पुनरागमन आहे आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या बोलण्याने किंवा भांडणाने ते सुरू झालेले नाही.

रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरी एकदम बंद करू नका, कारण त्यातून फिट्स येऊ शकतात किंवा भ्रम होऊ शकतो. केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्यांना घेऊन जा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे. उलट्या होत असतील, चाल अडखळत असेल, डोळ्यांना दुहेरी दिसत असेल किंवा बोलण्यात गोंधळ असेल, तर ती केवळ नशा समजून झोपवून ठेवू नका. बायपास आणि दारू दोन्हींमुळे थायमिन हे जीवनसत्त्व घटते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्याच वेळी तातडीच्या विभागात जा आणि बायपास झाल्याचे तिथे सांगा. तुमच्यासाठी अल-अनॉन या दारू पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या गटाच्या मीटिंग आहेत. पती येवोत वा न येवोत, तुम्ही जा.

प्रश्न : मला दुसरे कसलेही व्यसन नाही, फक्त मिश्री लावते. तेही सांगायचे का? (लालबाग)

उत्तर : होय. मिश्रीतही निकोटीन असते आणि ते रक्तवाहिन्या आकुंचित करून जखम भरण्याच्या आड येते. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते.

प्रश्न : गर्द सोडून बरीच वर्षे झाली, गर्दची ओढ रोखणारी, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चालू आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांची आणि त्यावरच्या औषधांची भीती वाटते. (कुर्ला)

उत्तर : गोळी स्वतःहून बंद करू नका. ती तोंडातूनच रक्तात जाते, त्यामुळे जठर लहान झाल्याने तिच्यात मोठा फरक पडत नाही. तुमचे मानसोपचारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांचे आधी बोलणे करून द्या. पॅरासिटामॉल आणि जागा बधिर करणारी इंजेक्शने यांवर वेदनेचा बराच भार पेलता येतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या बायपासनंतर पोटातील व्रणाच्या (अल्सरच्या) धोक्यामुळे टाळाव्या लागतात. कडक वेदनाशामक द्यावेच लागले, तर ते मोजक्या दिवसांपुरते लिहून घ्या आणि पाकीट घरातील विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.