मोहल्ला कमिटीत बसू पाहणाऱ्या तरुणास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. घरच्या व्हॉट्सॲप गटावर मुसलमानांविषयी येणाऱ्या प्रत्येक विखारी मजकुराला तू पुराव्यानिशी उत्तर देतोस, तरी कोणाचे मत बदलत नाही, उलट काका-मामांनी तुझ्याशी बोलणेच कमी केले आहे, असे तू लिहिले आहेस. खोट्याला खोटे म्हणणे सोडू नकोस. परंतु मुस्लिमद्वेषाचा मुकाबला मुख्यतः वादविवादाने होतो, हा तुझा समज मला पटत नाही. अफवा पसरते त्या दिवशी एकमेकांना नावाने ओळखणारी आणि हाकेला धावून येणारी माणसे वस्तीत आहेत की नाहीत, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते आणि अशी माणसे ऐनवेळी जमवता येत नाहीत.

याबाबत भिवंडीचा अनुभव बारकाईने पाहण्यासारखा आहे. यंत्रमागांच्या या शहरात मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली, तिचे लोण जळगाव आणि महाडपर्यंत पोहोचले आणि न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. पुढे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी दंगल उसळल्यावर काय करायचे यापेक्षा ती नसताना काय करायचे याचा विचार केला आणि वस्तीवस्तीत हिंदू-मुसलमान रहिवाशांच्या मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. रूढ शांतता समितीत पुढाऱ्यांचा आणि प्रतिष्ठितांचा भरणा असतो, सणाच्या तोंडावर तिची एक बैठक होते, चहा होतो, छायाचित्र निघते आणि ती वर्षभरासाठी विसरली जाते. या कमिट्यांत मात्र साधी माणसे बसत, वरचेवर भेटत आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांतले किरकोळ तंटेही तेथेच बोलून मिटवत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत दंगली उसळल्या आणि त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार, ९०० माणसे मारली गेली. भिवंडी त्या काळात शांत राहिली.

काही जण याचे श्रेय यंत्रमाग धंद्यातील परस्परावलंबनाला देतात. ते अवलंबन १९७० आणि १९८४ मध्येही होतेच, म्हणून निव्वळ व्यवहाराचे संबंध पुरेसे ठरतात असे मी मानत नाही. त्याचबरोबर, एकदा बसवलेली घडी आपोआप टिकते असेही समजू नकोस. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानाजवळील पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तणाव चिघळला, गोळीबारात दोन नागरिक मृत्युमुखी पडले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. अधिकारी बदलून जातो. कमिटी त्याच्या खुर्चीवर विसंबून असेल, तर तीही त्याच्याबरोबर जाते. तुझ्यासारख्या रहिवाशाची गरज नेमकी येथे आहे.

आता तुझ्या मामांविषयी. पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे एप्रिल २०२० मध्ये चोरांच्या अफवेवरून जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार केले, तेव्हा त्या हत्येला धार्मिक रंग देण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले. तत्कालीन गृहमंत्र्यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यांत एकही मुसलमान नसल्याचे सांगितले, तरीही तो रंग पुरता धुतला गेला नाही. म्हणून खुलासा गटावर सर्वांदेखत फेकण्यापेक्षा मामांना एकट्याला फोन कर आणि हा मजकूर तुमच्याकडे कोठून आला, एवढेच आदराने विचार. चारचौघांत खोटे पडलेला वडीलधारा माणूस मागे फिरत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

मामा तोंडी तलाकचा विषय काढतील, तेव्हा तो टाळू नकोस. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकविरोधात सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांची टीका कठोर होती, आणि ती त्या स्त्रियांना न्याय मिळावा म्हणून होती. मामांचे बोलणे शेवटी कोणत्या मागणीपाशी थांबते ते पाहा. मुस्लिम स्त्रीला पोटगी मिळावी, या मागणीवर येत असेल, तर त्यांच्याशी मनमोकळी चर्चा कर. कोपऱ्यावरच्या मुसलमान फळवाल्याकडून काही घेऊ नका, यावर येत असेल, तर विषय तलाकचा कधीच नव्हता.

तुमच्या सोसायटीत एका कुटुंबाला केवळ नाव पाहून सदनिका नाकारली गेली, असेही तू लिहिले आहेस. ते कुटुंब खरेदीदार असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील खुल्या सभासदत्वाचे तत्त्व सर्वसाधारण सभेत वाचून दाखव आणि नकाराचे कारण लेखी माग. लेखी कारण देण्याची वेळ आली की बरेच पदाधिकारी नरमतात. भाडेकरूला कायद्याचा एवढा आधार नाही. तेथे घरमालकाशी बोलणारा शेजारीच लागतो.

हे काम पुष्कळदा अगदी वेळापत्रकासारखे रुक्ष असते, पण त्याचे फळ दिसते. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा मुंबईत मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवसावर नेला आणि राज्य शासनाने ईदची सुट्टीही २९ तारखेला दिली. गणेशोत्सवापूर्वी तुमच्याकडे बैठक होईलच. विसर्जनाचा मार्ग मशिदीवरून जात असेल, तर मंडळाचे दोन आणि मशिदीचे दोन कार्यकर्ते बरोबर घेऊन तो मार्ग आधी एकदा पायी चालून पाहा. नमाजाच्या वेळा, ढोल-ताशा कोठे थांबेल आणि अडचण आल्यास कोण कोणाला फोन करील, हे जागेवरच ठरवून घ्या आणि पोलीस ठाण्यात त्याची एक प्रत द्या.

बैठकीत कोण कोण आले होते ते कळव.

तुझा शुभचिंतक