नास्तिक म्हणजे नक्की काय ‘नाही’ म्हणणारा?

प्रश्न असा आलाय: "आमचे काका माळकरी, दरवर्षी वारी करणारे. मी देव मानत नाही. ‘मी नास्तिक आहे’ म्हटलं की काका दुखावतात आणि बोलणं तिथेच संपतं. नास्तिक आणि निरीश्वरवादी एकच का? स्वतःबद्दल सांगताना कुठला शब्द वापरू?"

एकच नाहीत. आज बोलताना आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो आणि त्याला चूक म्हणता येणार नाही, पण नास्तिक या शब्दाच्या पोटात बरंच जुनं सामान आहे आणि काकांना जे लागतं ते बहुतेक त्यातलंच काहीतरी असावं.

पाणिनीचं सूत्र आहे, ‘अस्तिनास्तिदिष्टं मतिः’ (४.४.६०). ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. आता नीट बघा, काय आहे आणि काय नाही हे सूत्रात सांगितलेलंच नाही! ती जागा रिकामी सोडलीये आणि पुढे ज्याने त्याने ती आपापल्या परीने भरली. काशिकावृत्तीने, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेने, तिथे परलोक घातला, म्हणजे परलोक आहे म्हणणारा तो आस्तिक. मनुस्मृतीत ‘नास्तिको वेदनिन्दकः’ येतं, म्हणजे तिथे मुद्दा वेदांचा. ईश्वराचा नाही. म्हणूनच सांख्यांना जगाचा पसारा समजावून सांगायला ईश्वर लागत नाही, पूर्वमीमांसक यज्ञाचा एकेक बारकावा सांगतात पण जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत, तरी वेद मानतात म्हणून ही दोन्ही दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या शाखा, आस्तिक. आणि कर्म, पुनर्जन्म सगळं मानणारे जैन मात्र नास्तिकांच्या रांगेत, बौद्ध आणि परलोकही न मानणाऱ्या चार्वाकांसोबत. म्हणजे जुन्या हिशोबाने ईश्वर न मानताही तुम्ही आस्तिक असू शकता. निरीश्वरवादी हा शब्द त्या मानाने सरळ आहे, ईश्वर नाही एवढंच म्हणतो, वेद परलोक नीती याबद्दल काही बोलत नाही.

घरातल्या मराठीत तर अजून वेगळं चालतं. आमचे एक मामा गणपतीत आरतीला उभे राहतात पण हात जोडत नाहीत, टाळ्याही नाहीत, एवढ्यावरून अख्खं घर त्यांना नास्तिक म्हणायचं. एकदा मामींनीच विचारलं, अहो पण तुम्ही नक्की काय मानत नाही? तर मामा म्हणाले नवस मानत नाही, मूर्तीत देव आहे हे पटत नाही, पण हे सगळं चालवणारं काहीतरी असावं असं वाटतं. मामी म्हणाल्या, मग मला तरी कुठे वेगळं वाटतं. इतकी वर्षं एका घरात राहून हा प्रश्न कोणी कोणाला विचारलाच नव्हता, कारण शब्द तयार होता आणि तो चिकटवला की विचारायची गरज उरत नाही.

आणि हा शब्द बहुतेक वेळा दुसऱ्याने चिकटवलेला असतो हेही लक्षात घ्या. पाखंडी शब्दाचं असंच झालं. अशोकाच्या गिरनारच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ, कुठलाही, त्यात शिवी नाही. तोच लेख सांगतो की सगळ्या पासंडांनी एकमेकांचा धर्म ऐकावा, आपल्या पंथाची उगाच स्तुती आणि दुसऱ्याची उगाच निंदा करताना जीभ आवरावी, ‘समवायो एव साधु’, एकत्र येणंच चांगलं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवलंय हे. आणि त्याच शब्दाचं आपण पाखंडी करून टाकलं.

मला विचाराल तर या सगळ्यात सगळ्यात मोलाचं उदाहरण आपल्याच वर्ध्याजवळचं आहे, सेवाग्रामचं. आंध्रातले गोपाराजु रामचंद्र राव, सगळे त्यांना गोरा म्हणत, वनस्पतिशास्त्र शिकवायचे, उघड नास्तिक, त्यापायी नोकऱ्या गेलेल्या, आणि खेड्यात अस्पृश्यतेविरुद्ध काम करणारे. १९४४ मध्ये ते गांधीजींना भेटले. गांधीजी म्हणजे रोज प्रार्थना करणारा माणूस. त्यांनी गोरांना सुरुवातीलाच काय विचारलं असेल? निरीश्वर असणं आणि नास्तिक असणं यात फरक काय! म्हणजे अगदी तुमचाच प्रश्न. गोरांचं म्हणणं असं की निरीश्वर असणं म्हणजे नुसता नकार, देव नाही एवढंच, पण देव नाही म्हटल्यावर माणसाने कसं जगायचं ते ठामपणे मांडतो तो नास्तिकपणा. मग ते बंगालच्या दुष्काळाबद्दल बोलले, कलकत्त्यात खाण्याच्या दुकानांसमोर माणसं भुकेने मेली पण नशीब म्हणून गप्प राहिली, हे त्यांना दैववादाचं फळ वाटत होतं. गांधीजींनी ते ऐकून घेतलं, आपली श्रद्धा सोडली नाही आणि गोरांना चूकही म्हटलं नाही.

याचं पुढे काय झालं ते बघा. गोरांच्या मुलीचं लग्न त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलाशी ठरलं, ते सेवाग्रामला लावायला गांधीजी तयार झाले, आणि शपथेत ईश्वराच्या जागी सत्य हा शब्द घ्यायलाही तयार झाले. लग्न लागायच्या आत गांधीजींची हत्या झाली पण मार्च १९४८ मध्ये ते लग्न सेवाग्रामलाच लागलं. एक शब्द बदलला आणि दोघांपैकी कोणालाच खोटं बोलावं लागलं नाही, हे गप्पा मारल्याशिवाय, वेळ दिल्याशिवाय होत नाही हो, भांडून तर नाहीच नाही.

भांडणावरून आठवलं, ‘वाद’ शब्दालाही आपण बिघडवलंय. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते शोधायला दोघांनी बोलायचं तो वाद, जिंकण्यासाठी बोलायचं तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहायचं ती वितंडा. आता मराठीत वाद म्हणजे भांडण झालंय, जल्प कोणाला आठवत नाही, वितंडवाद तेवढा टिकलाय. आस्तिक-नास्तिक चर्चा म्हणून व्हॉट्सॲपवर जे चालतं ते जवळजवळ सगळं वितंडेत मोडतं, दोन्ही बाजूंनी. आणि याचं मला खरंच वाईट वाटतं कारण आपल्याकडे आधी पूर्वपक्ष मांडायची पद्धत होती, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्यालाही मान्य होईल इतकं नीट सांगायचं आणि मग आपलं.

तर तुमच्यासाठी. लिखाणात नेमकेपणा हवा असेल तर निरीश्वरवादी. देव आहे की नाही हे कळूच शकत नाही असं मत असेल तर अज्ञेयवादी. ‘अश्रद्ध’ टाळा, श्रद्धा तुमचीही कशावर तरी असेलच. ‘निधर्मी’ तर नकोच, तो लोक सेक्युलर सरकारसाठीही वापरतात आणि घोळ होतो. नास्तिक हा शब्द अभिमानाने मिरवणारेही खूप आहेत, तो सोडा असं मी म्हणणार नाही. पण काकांशी बोलताना शब्दाऐवजी वाक्य वापरा, ‘माझ्या लेखी देव नाही.’ यातला ‘माझ्या लेखी’ काकांच्या विठ्ठलाला हात लावत नाही, आणि तुमचं म्हणणं तसूभरही कमी करत नाही. मग काकांना विचारा की त्यांच्या लेखी विठ्ठल म्हणजे नक्की काय, आणि ते सांगतील तेव्हा मध्ये बोलू नका.