आईला संत न करता तिच्याविषयी बोलायचं कसं?

ताई,
दोन महिन्यांपूर्वी माझी आई प्रभूघरी गेली. 92 वर्षांची होती. आम्ही चार भावंडं, नऊ नातवंडं, तीन पणतवंडं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची, मग घरातल्या एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची. अंथरुणाला खिळेपर्यंत तिची रविवारची उपासना कधी चुकली नाही. आता तिच्या स्मरणार्थ चर्चमध्ये उपासना ठेवली आहे आणि कुटुंबातर्फे मी बोलावं असं ठरलंय. अडचण अशी, की माझा विश्वास केव्हाच सुटला. मी चर्चला जाणं थांबवलं तेव्हा आईने कित्येक महिने अबोला धरला होता. पुढे बोलायला लागली, पण तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. थोरला भाऊ म्हणतो, "आई संत होती, एवढंच सांग." मला ती तशी आठवतच नाही. कडक होती, हट्टी होती, आणि आता ती नाही तर घर खायला उठतं. मी खोटं बोलू, की दुसऱ्या कुणाला उभं करू?
– एक लेक

प्रिय मैत्रीण,

तुम्हीच बोला.

"भरल्या घरातून गेली, सोनं झालं," असं एव्हाना तुम्हाला बऱ्याच जणांनी ऐकवलं असेल. बायबलमधलं नव्वदावं स्तोत्र माणसाचं आयुष्य सत्तर वर्षांचं, अंगात बळ असलं तर ऐंशीचं सांगतं. त्या हिशेबाने तुमच्या आईने वर आणखी एक तप काढलं. पण हा हिशेब इतरांना सोयीचा असतो, लेकीच्या कामाचा नसतो. आई जितकी वर्षं होती तितकी तिची सवय जुनी, आणि जुनी सवय सुटायला वेळ लागतो. तेव्हा "एवढं वय झालं होतं तरी मला इतकं का लागतंय" असा प्रश्न मनात येत असेल तर तो सोडून द्या.

आता विश्वासाचं. तुम्हाला आईविषयी बोलायला सांगितलंय, स्वतःची श्रद्धा जाहीर करायला नाही. "आज आई प्रभूच्या सान्निध्यात आहे" हे वाक्य तुमच्या तोंडून निघत नसेल तर म्हणू नका. ते पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणतील, तो त्यांचा मान आहे. तुम्ही म्हणा, "आपण कुठे जाणार याची आईला खात्री होती." आणि त्या खात्रीने तिला काय दिलं, शेवटच्या दुखण्यात तुम्ही काय पाहिलं, ते सांगा. घाबरली असेल तर तेही सांगा. यात खोटं काही नाही, आणि तिथे बसलेल्या श्रद्धाळू माणसांना ते उपदेशापेक्षा जास्त भिडेल.

भाऊ संत म्हणतो, तर एका खऱ्या संत आईचीच गोष्ट सांगते. मोनिका, चौथ्या-पाचव्या शतकातला थोर ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन याची आई. मुलगा विश्वासापासून दूर गेला म्हणून तिने वर्षानुवर्षं रडून प्रार्थना केल्या. 387 साली मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती वारली, वयाच्या 56व्या वर्षी. थांबा, हे वाचून तुमच्या मनात काय आलं असेल ते कळतंय मला. तुमच्या घरची गोष्ट तशी संपली नाही, आणि "बघ, आईच्या प्रार्थना एक दिवस फळतात" असं सुचवण्यासाठी मी हे काढलेलंही नाही. मला वेगळंच काही दाखवायचंय. आईविषयी लिहिताना ऑगस्टीनने तिच्या लहानपणची एक खोडही लिहून ठेवली आहे. तिला पिंपातून द्राक्षारस आणायला पाठवत, तेव्हा ती गुपचूप घोट घ्यायची. घोट वाढत गेले. शेवटी एका दासीने भांडणात तिला दारुडी म्हणून हिणवलं, तेव्हा ती सवय सुटली. मुलाने हे लपवलं नाही आणि चर्चने तिला संत मानायचं थांबवलं नाही. आजही 27 ऑगस्ट हा तिचा सण आहे, 28 तारखेला मुलाचा. भावाला हे जरूर सांगा.

आणखी एक. आईच्या दफनाच्या वेळी ऑगस्टीनने डोळ्यांतलं पाणी अडवून धरलं, कारण विश्वासणाऱ्याने असं रडणं त्याला शोभेसं वाटलं नाही. नंतर एकटा असताना तो मोकळेपणी रडला. विश्वास असलेल्यालाही हे सोपं गेलं नाही, तर विश्वास सुटलेल्या लेकीने स्वतःकडून किती अपेक्षा ठेवायची?

बोलायला मजकूर कुठून आणायचा, ते बघू. आईच्या स्मरणाला बायबलमधल्या नीतिसूत्रांचा 31वा अध्याय हमखास वाचला जातो, आणि वाचून वाचून इतका गुळगुळीत झालाय की कुणी तो ऐकत नाही. एकदा स्वतः वाचून बघा. त्यातली बाई शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, लोकर आणि ताग शोधून आणते, तिचा दिवा रात्री विझत नाही, गरिबाला ती हात देते, पुढच्या दिवसांना हसते. "प्रेमळ होती, सोशिक होती" अशी विशेषणांची माळ तिथे फारशी नाही. हातांनी काय केलं याचीच यादी आहे. तुम्हीही आईचे हात आठवा. कुणाच्या आजारपणात ती न बोलावता जायची? कुणाची फी गुपचूप भरली? कोणतं गीत गाताना सूर चुकायचा तरी मोठ्याने गायची? तिचं शास्त्र घरात असेल तर चाळा. खुणा कुठल्या वचनांना केल्यात, कडेला कुणाची नावं लिहिलीत, पानांत काय दडवलंय ते बघा. त्यात तुमचं नाव सापडलं तर ते सभेत वाचायचं की नाही हे लगेच ठरवू नका. दोन दिवस जाऊ द्या.

मग नातवंडांकडे वळा. मला वाटतं तुमच्या भाषणाचा गाभा तिथेच आहे. तुम्हाला जी आई मिळाली ती त्यांना मिळाली नाही. जिने तुम्हाला उपासनेत मान वळवली म्हणून चिमटा काढला असेल, तिच्याच मांडीवर नातू प्रवचन चालू असताना घोरला असेल आणि तिने त्याला उठवलंही नसेल. आया आजी झाल्या की सैलावतात. मुलांना यात थोडा अन्याय वाटतो, तो खराही असतो. प्रत्येक नातवंडाला एकच प्रश्न विचारा: आजीने तुझ्यासाठी केलेली, इतर कुणाला माहीत नसलेली एक गोष्ट कोणती? मिळालेल्या उत्तरांतून तीन निवडा आणि त्यांच्याशेजारी तुमच्या लहानपणीची कडक आई उभी करा. लोक हसतील. भावालाही हसू येईल.

राहिला अबोला. तो भाषणात नको, असं माझं स्पष्ट मत आहे. तो लाजिरवाणा आहे म्हणून नव्हे. आईला आता उत्तर देता येणार नाही, आणि चर्चचं व्यासपीठ काही न्यायालय नाही. फार तर एक वाक्य म्हणा: "विश्वासाच्या बाबतीत आईचं आणि माझं जमलं नाही, तरी तिच्या रोजच्या प्रार्थनेतून माझं नाव गळलं नाही." हे खरं असल्याची तुम्हाला खात्री असेल तरच. बाकीचं सगळं आईला पत्र लिहितो तसं लिहून काढा, रागासकट. ते कुणाला दाखवायची गरज नाही.

काही किरकोळ गोष्टी. पाळकांना वेळ आधी विचारून घ्या. पाच मिनिटं पुष्कळ झाली. (कॅथलिक वाचकांनी लक्षात ठेवावं, दफनाच्या मिस्सात फादरांचं प्रवचन हे मृताचं गुणगान नसतं. कुटुंबातल्या कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर ते कम्युनिअननंतर, तेही आधी विचारून.) मोठ्या अक्षरात लिहून न्या. कंठ दाटला तर पुढचं वाचायला दुसरी प्रत एखाद्या भाच्याच्या हातात ठेवा. नातवंडा-पणतवंडांची नावं घेणार असाल तर यादी दोघांकडून तपासून घ्या. एक नाव सुटलं तर घरात दहा वर्षं ऐकावं लागतं.

शास्त्रपाठ निवडायची मोकळीक असेल तर तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय सुचवा. प्रेषित पौल तिथे आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल बोलताना तो आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता असं नावं घेऊन म्हणतो. नव्या करारात एखाद्या आजीचं नाव असं येतं ते इथेच. हा पाठ नातवंडांपैकी कुणीतरी वाचू दे.

आणि भाषण भावाला आधी वाचून दाखवा, मंजुरीसाठी नाही, सभेत त्याला धक्का बसू नये म्हणून. तो संत या शब्दावर अडून बसला तर त्याला म्हणा, तो शब्द तू बोल. त्यालाही पाच मिनिटं मिळू देत.

तुमची,
ताई