फिजिओथेरपीत डोळे मिटून वस्तू ओळखायला लावतात, त्याने मेंदूत खरंच काही होतं का?

तुम्ही विचारलंय की डोळे मिटून वस्तू ओळखणं, फोटोतला हात डावा की उजवा ते सांगणं, याने मेंदूत काही होतं का आणि ते स्कॅनमध्ये दिसतं का. होतं. आणि घरात कोणी याला पोरखेळ म्हणत असेल तर त्यालाही हे वाचायला द्या, माझे पाच महिने त्या एका शब्दापायी गेलेत.

मला स्ट्रोक आला उजव्या मेंदूत, म्हणजे डावा हात गेला. दोन महिन्यांत ताकद बऱ्यापैकी आली, मूठ वळायला लागली, हात डोक्याच्या वर जायचा, सगळे खूष. पण नजर जरा दुसरीकडे गेली की हातातला कप निसटायचा. खिशात हात घातला तर आत काय आहे तेच कळायचं नाही, बोटांत कापूस भरल्यासारखं. जिथे आधी जात होतो तिथे शंभर वेळा चेंडू दाबायचा, समोर टीव्ही चालू, दादा शेजारी बसून आकडे मोजायचा. मग दुसऱ्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पिशवीत किल्ली, नाणं, बटण, खोडरबर टाकून ओळखायला सांगितलं तर दादा तिथल्या तिथे म्हणाला, हे लहान मुलांचे खेळ, ताकद वाढवा त्याची. मी ऐकलं, कारण तो मोठा आणि धावपळ सगळी त्याचीच चालली होती. पाच महिने नुसता चेंडू, आणि कप पडतच होते.

शेवटी एकटाच गेलो मॅडमकडे. पहिला आठवडा एकही वस्तू ओळखता आली नाही. त्या किल्ली आधी चांगल्या हातात द्यायच्या, मग डाव्या हातात बघत बघत, मग डोळे मिटून. एक दिवस अंगठा किल्लीच्या कडेवरून सरकला आणि दाते लागले, एक, दोन, मग जरा खोल गेलेला तिसरा. 'किल्ली' म्हणायच्या आधीच मला रडू फुटलं.

आता मेंदूचं. बोटांच्या कातडीतून आणि सांध्यांतून निघालेला संदेश मणक्यातून वर जातो, बाजू बदलतो आणि थॅलॅमसमधून, म्हणजे मेंदूच्या आतल्या संदेश पुढे पाठवणाऱ्या ठाण्यातून, पलीकडच्या बाजूच्या पॅरायटल भागातल्या (मेंदूचा वरचा-मागचा भाग) स्पर्शाच्या पट्टीवर पोचतो. या पट्टीचा नकाशा पेनफिल्ड नावाच्या मेंदूच्या सर्जनने 1937 मध्येच मांडला होता, त्यात हात आणि ओठांना केवढी तरी जागा आहे आणि अख्ख्या पाठीला थोडीशीच. वस्तूचा आकार ओळखायचा झाला की मागचे भागही कामाला लागतात, एरवी डोळ्यांनी आकार ओळखणारा भागसुद्धा. फोटोतला हात ओळखताना आपण मनातल्या मनात स्वतःचाच हात फिरवून बघतो, म्हणून अवघडलेल्या हाताच्या फोटोला वेळ जास्त लागतो.

पण खरी गोष्ट लक्षाची आहे. मर्झेनिक या मेंदू-संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर प्रयोग केले होते, बोटावरच्या कंपनातला फरक ओळखायला शिकलेल्या माकडांमध्ये मेंदूतली त्या बोटाची जागा बदलली, आणि ज्यांना तीच कंपनं दिली पण लक्ष आवाजाकडे ठेवायला लावलं त्यांच्यात तसा बदल झाला नाही. टीव्ही बघत शंभर चेंडू दाबून माझ्या हाताची जाण का आली नाही, याचं उत्तर मला तरी तिथेच मिळालं. दादाला हे तीनदा सांगितलंय. त्यामुळे माझं म्हणणं स्पष्ट आहे, सेशनला टीव्ही बंद, मोबाईल बाहेर, आणि आकडे मोजणाऱ्या नातेवाईकालाही बाहेर बसवा.

स्कॅनचं म्हणाल तर एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, दिसतं, पण तो रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल असतो, चार-पाच सेकंद मागे चालतो आणि आत न हलता पडून राहावं लागतं. चालताना, तोल सांभाळताना बघायचं तर प्रकाशावर चालणारी टोपी असते, तिला मेंदूचा फक्त वरचा थर दिसतो. आणि एखादा भाग उजळला म्हणजे माणूस बरा झाला असं नसतं, रिपोर्टच्या मागे लागू नका.

हेही सांगायला हवं की ही माझी केस आहे. माझी ताकद आधी आली होती म्हणून मी असं बोलतोय, ज्याची मूठच वळत नाही त्याला ताकदीचे व्यायाम लागतातच, चेंडूवर माझा राग नाही. तुमच्या हातात नक्की काय कमी आहे ते थेरपिस्टकडून तपासून घ्या. आणि जाण गेलेल्या हाताने गरम पाणी कधीही बघू नका, दुसऱ्या हाताने बघा. माझ्या डाव्या मनगटावर अजून डाग आहे.