द्रवस्फटिकातली ‘भेसळ’

प्रश्न असा आहे: द्रवस्फटिकात (लिक्विड क्रिस्टल, म्हणजे द्रवासारखा वाहणारा, पण रेणू एका दिशेने रांगेत असलेला, एलसीडी पडद्यातला पदार्थ) दुसरा पदार्थ थोडासा मिसळला की विजेचा दाब दिल्यावर त्यातून जाणारा प्रकाश वेगळा वागतो. या मिसळलेल्या पदार्थाला मराठीत ‘भेसळद्रव्य’ म्हणावं का?

माझ्या मते म्हणू नये. भेसळीत लबाडी गृहीत असते, माल हलका होतो आणि गिऱ्हाईक फसतं. इथे पदार्थ मोजूनमापून, गुण साधण्यासाठी घालतात. इंग्रजीतला ‘डोपंट’ अभ्यासकांना कळेल, पण इतरांना आधी खेळाडूंची उत्तेजकं आठवतील. मी मुद्दाम घातलेल्याला ‘समावेशक’ म्हणेन आणि नको असताना शिरलेल्याला ‘मलद्रव्य’.

हा भेद पदार्थाच्या जातीवर ठरत नाही, हेतूवर ठरतो. आयनांचंच, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांचंच पाहा. १९६८ मध्ये संशोधक हाइलमायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलेल्या द्रवस्फटिकाच्या पडद्यात आयन हवेच होते. विद्युतक्षेत्राने ते धावत, रेणूंची शिस्त ढवळून काढत आणि पारदर्शक थर दुधाळ दिसे. तिथे आयन देणारा क्षार हा समावेशकच. १९७१ मध्ये शाट आणि हेल्फ्रिश यांनी पीळ दिलेल्या थराची रचना मांडली. ती विद्युतक्षेत्रावर चालते, तिला प्रवाहाची गरज नाही. आता तेच आयन विद्युतअग्रांपाशी (इलेक्ट्रोडांपाशी) साचून क्षेत्र क्षीण करतात, चित्र लुकलुकतं. म्हणून ते मलद्रव्य. काही नॅनोकण असे आयन स्वतःवर धरून ठेवतात, पण कण स्वच्छ नसले तर तेच नवे आयन सोडतात. म्हणजे समावेशकासोबत मलद्रव्य आत येतं. दोन्हींना ‘भेसळ’ म्हणून हे वाक्य लिहूनच पाहा!

पिळाच्या बाबतीत मराठी शब्दांची उणीव नाही. आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारे, म्हणजे कायरल, रेणू घातले की सगळ्या थराची रचना मळसूत्री होते. प्रमाण कमी असेपर्यंत, ते दुप्पट केलं की पिळाचं अंतर, म्हणजे एका पूर्ण वेढ्याची लांबी, निम्मं होतं. पीळ दिलेल्या पडद्यात हे रेणू अगदी थोडे लागतात. ते नसतील तर थर कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे पिळतो आणि सांधे डोळ्यांना दिसतात. यांना ‘पीळकारी समावेशक’ म्हणावं.

रंगद्रव्याचा रेणू मात्र ‘पाहुणा’, द्रवस्फटिक ‘यजमान’. यजमान वळला की पाहुणाही वळतो, आणि त्याच्या दिशेनुसार रंग गडद किंवा फिका होतो.

प्रश्नात ‘थ्रेशोल्ड व्होल्टेज’ही विचारलं आहे. ‘उंबरठा व्होल्टेज’ लिहावं. याच्या खाली रेणू हलत नाहीत, वर गेलं की वळू लागतात. रेणूंच्या रांगेत न बसणारा समावेशक त्यांची शिस्त सैल करतो, त्यामुळे पुष्कळदा हा उंबरठा खाली येतो. पण त्याबरोबर ज्या तापमानाला द्रवस्फटिकाचा साधा द्रव होतो, तेही उतरतं. अशा वाक्यात ‘उंबरठा कमी होतो’ऐवजी ‘उतरतो’ किंवा ‘खाली येतो’ लिहिलेलं मला अधिक पटतं.